संगायन आणि संगणक : पालि अध्यापनाच्या साधनांचा इतिहास

विद्यापीठांच्या पालि विभागांत गेली काही वर्षे एक वाद चालू आहे. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे टाळेबंदी जाहीर झाली, महाविद्यालयांचे दरवाजे बंद झाले आणि अध्यापन संगणकाच्या व मोबाइलच्या पडद्यावर आले. साथ ओसरली, वर्ग पुन्हा भरू लागले. तथापि पडद्यावरचे अध्यापन संपले नाही. ध्वनिमुद्रित व्याख्याने, ऑनलाइन चाचण्या, महाजालावरील तिपिटक आणि कोश ही आता पालि अभ्यासक्रमाची नित्याची साधने झाली आहेत. काही अध्यापकांच्या मते पालि ही कानाने ऐकून आणि मुखाने म्हणून शिकावयाची भाषा आहे. यंत्राच्या आधाराने होणारे तिचे अध्ययन उथळ ठरते. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की, जे ज्ञान शतकानुशतके मूठभर लोकांच्या हाती होते ते आज खेड्यातल्या मुलीच्याही हाती आले आहे; मग तक्रार कशाची?

दोन्ही पक्ष आस्थेने बोलतात यात शंका नाही. परंतु हा प्रश्न आजच प्रथम उद्भवला आहे, असे गृहीत धरूनच दोघेही बोलतात. वस्तुतः धम्माच्या इतिहासात अध्ययनाचे साधन याआधी दोनदा मुळापासून बदलले आहे. एकदा स्मृतीकडून लेखनाकडे, दुसऱ्यांदा हस्तलिखिताकडून मुद्रणाकडे. संगणक हा तिसरा बदल होय. पहिल्या दोन प्रसंगी आपल्या पूर्वसूरींनी काय केले, हे पाहिल्याशिवाय तिसऱ्या प्रसंगी आपण काय करावे हे ठरविता येणार नाही. प्रस्तुत लेखाचा हेतू तेवढाच आहे.

या विवेचनासाठी आम्ही परंपरेतीलच दोन शब्द कसोटी म्हणून घेत आहोत. पहिला शब्द 'आचरियमुट्ठि'. दीघनिकायाच्या महापरिनिब्बान सुत्तात तथागत आनंदांना स्पष्टपणे सांगतात की, धम्माच्या बाबतीत आपण आचार्याची झाकलेली मूठ ठेवलेली नाही. निवडक शिष्यालाच सांगावयाची गुप्त विद्या त्यांच्याजवळ नव्हती. दुसरा शब्द 'संगायन', म्हणजे एकत्र बसून, एका स्वरात म्हणणे. पहिला शब्द ज्ञान कोणापर्यंत पोचते हे विचारतो. दुसरा शब्द जे पोचले ते शुद्ध पोचले काय, हे विचारतो.

स्मृतीचे युग

पहिल्या संगीतीनंतर बुद्धवचनाच्या रक्षणाची वाटणी कशी झाली, हे दीघनिकायाच्या अट्ठकथेत सांगितले आहे. दीघनिकाय आनंदांच्या शिष्यपरंपरेकडे, मज्झिमनिकाय सारिपुत्तांच्या शिष्यांकडे, संयुत्तनिकाय महाकस्सपांकडे आणि अंगुत्तरनिकाय अनुरुद्धांकडे सोपविण्यात आला. यातून पुढे दीघभाणक, मज्झिमभाणक असे भाणकांचे वर्ग निर्माण झाले. भाणक म्हणजे चालता-बोलता ग्रंथ. भाणकांचा उल्लेख भारहुत येथील शिलालेखांत आहे आणि आपल्या महाराष्ट्राच्या मातीतही आहे. कार्ले येथील चैत्यगृहातील एका स्तंभावर सोपारा येथील धम्मुत्तरीय निकायाच्या सातिमित नावाच्या भाणकाचे दान कोरलेले आहे. आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या त्या प्राचीन बंदरात सुत्ते मुखोद्गत असलेला एक अध्यापक राहत होता, ही गोष्ट आपल्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगावयास हवी. पालि ही या प्रदेशात परक्या ठिकाणाहून अलीकडे आलेली विद्या नव्हे.

स्मृतीच्या युगातील अध्ययन भिक्खूंपुरतेच मर्यादित होते, असा एक समज आहे. विनयपिटकातील एक नियम त्याला छेद देतो. वर्षावासात भिक्खूने स्थान सोडू नये, हा सर्वसाधारण नियम होय. परंतु महावग्गात त्याला काही अपवाद सांगितले आहेत. एखाद्या उपासकाला एखादे प्रसिद्ध सुत्त पाठ आहे आणि ते नष्ट होण्यापूर्वी येऊन शिकून घ्या, असा निरोप त्याने दूताबरोबर पाठविला, तर भिक्खूने सात दिवसांच्या मर्यादेत जावे. हीच अनुज्ञा उपासिकेने निरोप पाठविला असतानाही आहे. म्हणजे एका गृहस्थ स्त्रीजवळ सुत्त आहे आणि ते शिकण्यासाठी भिक्खू तिच्याकडे जात आहेत, अशी परिस्थिती विनयाच्या रचनाकारांना सहज संभवनीय वाटत होती. ज्या समाजात स्त्रीला आणि शूद्राला वेदाध्ययन निषिद्ध मानले गेले, त्याच समाजाच्या शेजारी ही व्यवस्था नांदत होती. धम्माच्या भाषेविषयीचा निर्णयही याच वृत्तीचा आहे. ब्राह्मण कुळातून आलेल्या दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् मध्ये बांधण्याची इच्छा व्यक्त केली तेव्हा तथागतांनी ती नाकारली, असे चुल्लवग्गात नमूद आहे.

तथापि स्मृतीच्या साधनात एक मोठा धोका होता. विनयाच्या अट्ठकथेत, समन्तपासादिकेत, लंकेतील संकटकाळाची एक हकिकत येते. त्या काळात 'महानिद्देस' हा ग्रंथ अवघ्या एका भिक्खूला पाठ उरला होता आणि त्याचे शील चांगले नव्हते. एका थेरांना त्यांच्या वडीलधाऱ्यांनी सांगितले की, तरीही त्याच्याकडून तो शिकून घ्या. ग्रंथ एकाच माणसाच्या स्मृतीत अडकला की तो माणूस कसाही असला तरी त्याच्या दारी जावे लागते. मूठ झाकण्याचा हेतू नसतानाही ती झाकली जाते.

ताडपत्र आणि शिला

पहिला बदल येथूनच झाला. इ. स. पूर्व पहिल्या शतकात, राजा वट्टगामणी अभयाच्या कारकिर्दीत, युद्ध आणि दुष्काळ यांनी लंका पोळून निघाली. तोपर्यंत मुखपरंपरेने आलेले तिपिटक व अट्ठकथा भिक्खूंनी एकत्र जमून लिहून काढल्या, असे दीपवंस आणि महावंस सांगतात. परंपरा हे स्थान मातले जवळील अलुविहार असल्याचे मानते. त्याच संकटानंतर अध्ययन श्रेष्ठ की आचरण श्रेष्ठ असा वाद भिक्खूंमध्ये झाला, अशी नोंद अंगुत्तरनिकायाच्या अट्ठकथेत आहे. अध्ययन टिकले तरच आचरणाचा मार्ग पुढच्या पिढीला दिसेल, हा पक्ष त्या वादात विजयी झाला. लेखनाचा स्वीकार हा या निर्णयाशी सुसंगतच होता.

येथे लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट अशी की, लेखन आल्याने पठण सुटले नाही. ताडपत्र हे स्मृतीला आधार म्हणून आले आणि भाणकांची परंपरा त्यानंतरही चालू राहिली. ही पद्धत पुढेही टिकली. ब्रह्मदेशात राजा मिंडोन यांनी मंडाले येथील कुथोडॉ पॅगोडाच्या आवारात संपूर्ण तिपिटक ७२९ संगमरवरी शिलांवर कोरवून घेतले. ते काम १८६८ साली पूर्ण झाले. त्यानंतर १८७१ मध्ये पाचवी संगीती भरवून भिक्खूसंघाने तिपिटकाचे पठण केले. दगडावर कोरलेले अक्षरही संघाने एकत्र म्हटल्यावाचून पूर्ण झाले, असे मानले गेले नाही.

मात्र ताडपत्रांची मूठ वेगळ्या अर्थाने झाकलेली राहिली. ग्रंथ सिंहली, बर्मी, थाई, ख्मेर अशा लिप्यांत होते आणि विहारांच्या पेट्यांत होते. भारतातून बौद्ध विद्याकेंद्रे नष्ट झाल्यावर येथे पालि वाचणारेही उरले नाहीत. ज्या भूमीत सातिमित सुत्ते म्हणत होता त्या भूमीतील जिज्ञासूला आता समुद्र ओलांडणे भाग होते.

छापील ग्रंथ आणि धर्मानंदांची पायपीट

दुसरा बदल युरोपात सुरू झाला. १८५५ साली कोपनहेगन येथे फाउसबोल यांनी धम्मपदाची आवृत्ती लॅटिन भाषांतरासह प्रसिद्ध केली. १८८१ मध्ये ऱ्हीस डेव्हिड्स यांनी पालि टेक्स्ट सोसायटीची स्थापना केली आणि तिपिटकाचे ग्रंथ रोमन लिपीत एकामागून एक छापून निघू लागले. १८९३ मध्ये सयामचे राजे चुलालाँगकोर्न यांनी थाई लिपीत ३९ खंडांचे तिपिटक छापवून ते देशोदेशीच्या ग्रंथालयांना भेट दिले. हे सर्व होत असताना मराठी जिज्ञासूच्या हाती काय होते? धर्मानंद कोसंबी यांचे चरित्र या प्रश्नाचे उत्तर आहे. गोव्यातील साखवाळ गावचा हा तरुण बुद्धाच्या ओढीने १८९९ साली घराबाहेर पडला. पुणे, काशी, नेपाळ, बोधगया असा प्रवास करीत, बहुतेक पायी आणि कित्येकदा उपाशीपोटी, तो १९०२ मध्ये कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगल महाथेरांपाशी पोचला. तेथे त्यांना पालि शिकावयास मिळाली. ज्या अध्ययनासाठी आजचा विद्यार्थी बोटाने पडदा सरकवितो, त्यासाठी धर्मानंदांनी आपल्या तारुण्याची वर्षे खर्ची घातली.

परंतु धर्मानंदांचे खरे मोठेपण त्यांनी जे मिळविले ते वाटून टाकण्यात आहे. १९१२ ते १९१८ या काळात ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पालि शिकवीत होते. चिं. वै. राजवाडे, ना. के. भागवत आणि पु. वि. बापट हे त्यांचे विद्यार्थी. राजवाड्यांनी दीघनिकाय मराठीत आणण्याचे काम केले. भागवतांनी मुंबई विद्यापीठासाठी नागरी लिपीतील पालि ग्रंथांच्या मालेचे संपादन केले. बापटांनी विमुत्तिमग्ग आणि विसुद्धिमग्ग यांचा तौलनिक अभ्यास केला. एका अध्यापकाच्या वर्गातून महाराष्ट्रात पालिची विद्यापीठीय परंपरा उभी राहिली. त्या वर्गातील साधने म्हणजे फळा, खडू आणि मोजकी पुस्तके. साधन अपुरे असूनही अध्यापन समर्थ असू शकते, हे यातून दिसते. साधन अपुरे असल्यामुळे ते अध्यापन फार थोड्यांपर्यंत पोचले, हेही तितकेच खरे आहे. त्या काळी महाविद्यालयाच्या बाकापर्यंत कोण पोचू शकत होते, हे आपल्या वाचकांना वेगळे सांगावयास नको.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि पालि

बाबासाहेबांना मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारण्यात आले आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. भारतीय विद्येच्या इतिहासात झाकलेल्या मुठीचे याहून उघड उदाहरण शोधावे लागणार नाही. ज्या विद्यार्थ्याला शाळेने प्राचीन भाषेचे दार बंद केले, तोच पुढे आयुष्याच्या उत्तरार्धात पालिकडे वळला, पालिचे व्याकरण आणि कोश यांवर स्वतः परिश्रम करू लागला. हे काम त्यांच्या लेखन आणि भाषणे ग्रंथमालेच्या सोळाव्या खंडात १९९८ साली महाराष्ट्र शासनाने प्रसिद्ध केले. त्या कोशात पालि शब्दाचा अर्थ इंग्रजीबरोबरच मराठी, गुजराती आणि हिंदी या भाषांत देण्याची योजना आहे. कोश कोणासाठी करावयाचा, याविषयी त्यांची दृष्टी किती स्वच्छ होती हे या एका गोष्टीवरून कळते. इंग्रजी न येणाऱ्या माणसाला पालि यावी, हा त्यामागील हेतू उघड आहे.

मुंबईचे सिद्धार्थ महाविद्यालय १९४६ मध्ये आणि औरंगाबादचे (आजचे छत्रपती संभाजीनगर) मिलिंद महाविद्यालय १९५० मध्ये सुरू झाले. डिसेंबर १९५४ मध्ये बाबासाहेब रंगूनला जागतिक बौद्ध परिषदेस उपस्थित राहिले, त्या वेळी तेथे सहावी संगीती चालू होती. १९५४ ते १९५६ या काळात त्या संगीतीत तिपिटकाचे पाठ तपासले गेले, संघाने त्यांचे संगायन केले आणि ते छापले गेले. मुद्रणाच्या युगातही संघाने संगायनाचा आग्रह सोडला नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात लाखो लोकांनी धम्माचा स्वीकार केला. त्याच सुमारास, १९५६ ते १९६१ या वर्षांत, भिक्खू जगदीश काश्यप यांच्या संपादनाखाली नालंदा येथून नागरी लिपीतील तिपिटकाचे ४१ खंड प्रसिद्ध झाले. ग्रंथ वाचावयास आतुर असलेला समाज आणि त्याला वाचता येईल अशा लिपीतील ग्रंथ, दोन्ही एकाच वेळी अस्तित्वात आले. परंतु ते खंड मोठ्या ग्रंथालयांत राहिले. वस्तीतल्या विहारात एखादी धम्मपदाची प्रत आणि बाबासाहेबांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हीच ग्रंथसंपदा असे. समाज आणि ग्रंथ यांतील अंतर तसेच राहिले.

संगणकाचे आगमन

हे अंतर तोडण्याचे साधन म्हणून संगणकाकडे पाहिले पाहिजे. बँकॉकच्या महिडोल विद्यापीठाने १९८८ च्या सुमारास थाई आवृत्तीचे तिपिटक संगणकावर आणले. इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचा पाठ नागरी लिपीत छापण्यास घेतला आणि १९९७ मध्ये तो तबकडीवर उपलब्ध केला. तिपिटक, अट्ठकथा आणि टीका नागरी, रोमन, बर्मी, थाई, सिंहली अशा लिप्यांत एका तबकडीत आल्या. पुढे त्या महाजालावर विनामूल्य वाचता येऊ लागल्या. नाशिक जिल्ह्यातील एका डोंगराळ गावातून जगभरच्या अभ्यासकांना पालि पाठ पुरविला जावा, ही महाराष्ट्राने अभिमान बाळगावा अशी घटना आहे.

आरंभीच्या अडचणी आज विस्मरणात गेल्या आहेत. पालिची टिंबे व रेघा असलेली रोमन अक्षरे प्रत्येक फाँटमध्ये वेगळ्या जागी असत. नागरी फाँटचीही तीच गत होती. एका संगणकावर लिहिलेला पाठ दुसऱ्यावर उघडला की अक्षरांची रांगोळी विस्कटलेली दिसे. १९९१ मध्ये युनिकोड ही समान अक्षरसंहिता प्रसिद्ध झाली आणि २००० नंतर ती जसजशी रूढ झाली तसतशी ही अडचण दूर होत गेली. १९२१ ते १९२५ या काळात छापला गेलेला पालि टेक्स्ट सोसायटीचा कोश शिकागो विद्यापीठाने महाजालावर ठेवला. २००५ मध्ये सुरू झालेल्या सुत्तसेंट्रल या संकेतस्थळाने पालि सुत्ते, त्यांची चिनी व संस्कृत समांतर रूपे आणि अनेक भाषांतील भाषांतरे एकत्र आणली. अध्यापनाची व्यवस्था लावणारी मूडलसारखी विनामूल्य साधने २००२ पासून उपलब्ध आहेत आणि भारत सरकारचे 'स्वयम्' हे अभ्यासक्रमांचे व्यासपीठ २०१७ मध्ये सुरू झाले. २०२० मध्ये टाळेबंदी आली तेव्हा ही सर्व सामग्री तयारच होती. तिच्याकडे वळण्याची निकड तेवढी त्या वर्षाने निर्माण केली.

पडद्यावरचा वर्ग

आता प्रत्यक्ष वर्गाकडे वळू. आमच्या पदव्युत्तर वर्गात पडद्यावरच्या अध्यापनाने जे विद्यार्थी आणले ते पूर्वी येत नव्हते. पाळीवर जाणारे कामगार, घरकाम उरकून रात्री बसणाऱ्या गृहिणी, तालुक्याच्या गावचे शिक्षक, निवृत्त कर्मचारी आणि पोटापाण्यासाठी परराज्यात गेलेले उपासक हे सर्व एका वेळी एका गाथेपुढे बसू लागले. वयाच्या साठाव्या वर्षी प्रथमच विभक्ती शिकणारी उपासिका आणि तिच्या नातवाच्या वयाचा विद्यार्थी यांच्यात पडद्याने भेद ठेवला नाही. आचरियमुट्ठीच्या कसोटीवर या साधनाचे मोल निर्विवाद आहे.

काही बाबतींत अध्यापनही सुधारले. विभक्तिरूपांचा सराव हा पालि अध्यापनातील रुक्ष भाग. ऑनलाइन चाचणीत विद्यार्थी तेच रूप वीस वेळा चुकून एकविसाव्या वेळी बरोबर लिहितो आणि त्याची चूक कोणालाही दिसत नाही. ज्यांना शाळेत चुकल्याबद्दल जातीवरून हिणवले गेले, अशा पिढीतील विद्यार्थ्यांना याचे महत्त्व विशेष वाटते. गाथेचे पदविश्लेषण आम्ही सर्वांना एकाच वेळी लिहिता येईल अशा तक्त्यात करवून घेतो : मूळ पद, धातू अथवा प्रातिपदिक, विभक्ती व वचन, अर्थ. प्रत्येकाने एक ओळ भरावयाची आणि दुसऱ्याची एक ओळ तपासावयाची. फळ्यावर एका वेळी एकच विद्यार्थी लिहू शकत असे.

परंतु मूठ सर्वांसाठी सारखी उघडली, असे म्हणता येणार नाही. घरात एकच मोबाइल आणि शिकणारी मुले तीन, अशा घरांतून आधी मुलीचा वर्ग बुडतो. पत्र्याच्या खोलीत पावसाच्या आवाजात व्याख्यान ऐकू येत नाही. महिन्याअखेरीस डेटा संपतो तेव्हा विद्यार्थ्याचे नाव पडद्यावरून नाहीसे होते आणि तो गैरहजर लागतो. ज्यांच्यासाठी हे साधन सर्वाधिक मोलाचे आहे त्यांच्याच हाती ते सर्वांत दुबळ्या रूपात पोचते, ही गोष्ट साधनाची स्तुती करताना विसरता कामा नये.

दुसरी उणीव अधिक मूलगामी आहे. पालिमध्ये 'सुत' म्हणजे ऐकलेले आणि 'सुत्त' म्हणजे सूत्र अथवा झोपलेला. 'चित' म्हणजे रचलेले आणि 'चित्त' म्हणजे मन. एका व्यंजनाच्या द्वित्वावर अर्थ उभा असतो. दुबळ्या जोडणीवर हे द्वित्वच प्रथम गळते. विद्यार्थ्यांकडून गाथा ध्वनिमुद्रित करवून घेऊन त्यावर एकेकाला दुरुस्ती सांगणे हा उपाय आम्ही योजतो आणि तो उपयोगी पडतो. पण सर्वांनी मिळून म्हणणे पडद्यावर शक्य होत नाही. प्रत्येकाचा आवाज थोड्याथोड्या विलंबाने पोचतो; दहा जण एकदम 'नमो तस्स' म्हणू लागले की दहा वेगवेगळे आवाज आदळतात. शेवटी एकाने म्हणावयाचे आणि इतरांनी आपापले ध्वनिक्षेपक बंद करून पुटपुटावयाचे, अशी तडजोड करावी लागते.

ही तांत्रिक गैरसोय वरवर क्षुल्लक वाटेल. इतिहासाच्या दृष्टीने ती तशी नाही. संगायन ही केवळ भक्तीची रीत नव्हती. ती पाठशुद्धीची पद्धत होती. शंभर जण एकत्र म्हणत असताना एकाने चुकीचे अक्षर उच्चारले तर ते तत्काळ कानाला खटकते. चूक करणाऱ्यालाही खटकते आणि ऐकणाऱ्यालाही. मंडालेच्या शिलालेखनानंतर संघ पठणासाठी बसला आणि छट्ठ संगायनाच्या मुद्रणाबरोबरही संघ पठणासाठी बसला, याचे कारण हेच होय. साधन बदलताना संघाने प्रत्येक वेळी ही खातरजमा केली. महाजालावरील अध्ययन मात्र संगायनाशिवाय आपल्या घरात आले आहे. विद्यार्थी एकटा वाचतो, एकटा शोधतो आणि त्याची चूक ऐकणारे कोणी शेजारी नसते.

शेपटीकडून धरलेला साप

याचे परिणाम दिसू लागले आहेत. तिपिटकातील कोणताही शब्द आज क्षणात शोधता येतो. बुद्धाच्या नावावर मोबाइलवर फिरणाऱ्या वाक्यांची शहानिशा एखादा जागरूक उपासक स्वतः करू शकतो, हा मोठा लाभ आहे. परंतु शब्द सापडणे आणि सुत्त समजणे यांत अंतर असते. मज्झिमनिकायाच्या अलगद्दूपम सुत्तात, अर्थाची परीक्षा न करता केवळ वाद जिंकण्यासाठी धम्म शिकणाऱ्याची तुलना सापाला शेपटीकडून धरणाऱ्याशी केली आहे. शोधपेटीतून मिळालेली, मागचा-पुढचा संदर्भ तुटलेली ओळ ही बहुधा अशीच हाती येते.

अलीकडे कृत्रिम बुद्धिमत्तेची यंत्रे पालिचे भाषांतर करून देतात. त्यांचे काम कधी कधी चकित करण्याइतके चांगले असते. तथापि तीच यंत्रे तिपिटकात नसलेले वचनही तितक्याच आत्मविश्वासाने, सुत्ताच्या नावासह रचून देतात. शब्दरूपे ठाऊक नसलेल्या वाचकाला दोहोंत फरक करता येत नाही. केसमुत्ति सुत्तात तथागतांनी कालामांना, केवळ ग्रंथात आहे म्हणून अथवा केवळ परंपरेने आले म्हणून एखादी गोष्ट मान्य करू नये, असे समजावले. यंत्राने सांगितले म्हणून मान्य करणे हेही त्याच कोटीत पडते. परीक्षा करावयाची तर परीक्षेचे साधन, म्हणजे व्याकरण, विद्यार्थ्याच्या अंगी असले पाहिजे. ते यंत्राकडून उसने घेता येत नाही.

यापुढे काय?

हा प्रश्न केवळ अध्यापनपद्धतीचा नाही. २०१३ मध्ये संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेच्या ऐच्छिक विषयांतून पालि वगळण्यात आली. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीबरोबर पालिला अभिजात भाषेचा दर्जा देण्यास मान्यता दिली. एका हाताने काढून घेतलेले दुसऱ्या हाताने सन्मानाच्या रूपाने परत मिळाले. परंतु सन्मानाने वर्ग भरत नाहीत. आमची चिंता अशी आहे की, व्याख्याने एकदा ध्वनिमुद्रित झाली की अध्यापकाच्या पदाची आवश्यकता काय, असा हिशेब उद्या कोणी मांडील. ज्या समाजाने बंद दारे ठोठावून विद्यापीठात प्रवेश मिळविला, त्याच्या वाट्याला जिवंत अध्यापकाऐवजी साठवलेला आवाज यावा आणि यालाच प्रगती म्हणावे, हे आपण मान्य करू नये.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. विद्यापीठांनी ऑनलाइन साधने अवश्य वापरावीत. पण शब्दरूपांचा सराव, ग्रंथांची उपलब्धता आणि दूरच्या विद्यार्थ्याचा प्रवेश ही त्यांची क्षेत्रे मानावीत. अर्थनिर्णय आणि शंकानिरसन हे अध्यापकाच्या समक्ष अथवा निदान प्रत्यक्ष संवादात व्हावे, आणि त्यासाठी अध्यापकांची पदे भरलेली असावीत. दुसरी गोष्ट आपल्या विहारांच्या हाती आहे. महाराष्ट्रात वस्तीवस्तीत विहार आहेत. रविवारी वंदनेनंतर एक तास, एक संगणक अथवा मोठा पडदा, महाजालावरील छट्ठ संगायनाचा पाठ आणि परिसरातील पालिचे विद्यार्थी इतकी सामग्री पुरेशी आहे. ज्या विद्यार्थ्याजवळ मोबाइल नाही तोही तेथे वाचू शकेल. एकाने पद फोडावे, दुसऱ्याने कोश पाहावा, आणि शेवटी सर्वांनी ती गाथा मिळून म्हणावी. 'सुत' आणि 'सुत्त' यांतील फरक तेथे आपोआप कानावर पडेल. पडद्यावर जे होऊ शकत नाही ते विहाराच्या सतरंजीवर होईल.

महावग्गातील त्या उपासिकेचा निरोप दूताबरोबर जात होता. आज तो क्षणात हजारो जणांपर्यंत जाऊ शकतो. परंतु निरोप मिळाल्यावर भिक्खू तिच्याकडे चालत जात, समोर बसत आणि सुत्त पाठ करून परत येत; सुत्त टिकले ते या जाण्याबसण्याने. आपल्या जवळच्या विहारात असा वाचनवर्ग नसेल तर तो या वर्षावासात सुरू करावा आणि ज्या पालि पदवीधरांनी विद्यापीठातून ही विद्या घेतली आहे त्यांनी त्याची जबाबदारी पत्करावी, अशी आमची नम्र सूचना आहे.